टेड गिन ज्युनिअर: सहा संघांचं पाणी प्यालेला रिसीव्हर आणि रिटर्नर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघायला लागलेल्या मराठी प्रेक्षकाला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, लवकर कळतो. चेंडू परत आणणारा रिटर्नर मात्र कळायला वेळ लागतो, आणि सहा संघांत फिरूनही 14 मोसम टिकलेला रिटर्नर तर त्याहून उशिरा. खालची उत्तरं टेड गिन ज्युनिअरच्या कारकिर्दीला धरून लिहिली आहेत, कारण या कामाच्या जवळजवळ सगळ्या बाजू त्याच्या वाट्याला आल्या.

टेड गिन ज्युनिअर नेमका कोण?

जन्म 1985 चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडचा. वडील टेड गिन सीनिअर तिथल्या ग्लेनव्हिल हायस्कूलचे फुटबॉल प्रशिक्षक. शाळेत मुलगा अडथळ्यांच्या शर्यतीत देशात नावाजलेला होता आणि फुटबॉलमध्ये मुख्यतः बचावपटू, म्हणजे कॉर्नरबॅक, म्हणून ओळखला जायचा. ओहायो स्टेट विद्यापीठात आल्यावर प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांनी त्याला रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, केलं. 2007 ते 2020 या काळात तो एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, मायामी डॉल्फिन्स, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, कॅरोलिना पँथर्स, ॲरिझोना कार्डिनल्स, पुन्हा पँथर्स, न्यू ऑर्लीन्स सेंट्स आणि शिकागो बेअर्स असा फिरला. 2021 मध्ये निवृत्त झाला. एकूण 412 झेल, 5,742 यार्ड, झेल घेऊन केलेली 33 टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात (एंड झोनमध्ये) नेऊन मिळवलेले गुण. यात रिटर्न धरलेले नाहीत, आणि त्याची खरी ओळख तर तिथलीच आहे.

‘जर्नीमन’ म्हणजे अपयशी खेळाडू का?

नाही. एका संघात मूळ न धरता संघासंघातून खेळणाऱ्याला तिकडे जर्नीमन म्हणतात. आपल्याकडे बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतात, त्यातला अनुभवाचा अर्थ इथेही घ्यायला हवा. एनएफएल संघात मोसमात 53 जागा असतात, आणि दर वर्षी महाविद्यालयातून नवी, स्वस्त मुलं येतात. अशा ठिकाणी सहा वेगवेगळ्या संघांनी एखाद्याला बोलावलं, याचा अर्थ त्याच्याकडे असं काहीतरी होतं जे ड्राफ्टमधून, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, सहज मिळत नव्हतं. गिनकडे वेग होता. शिवाय, उंच उडालेल्या चेंडूखाली एकट्याने उभं राहण्याची तयारी होती. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मिळ.

रिसीव्हर आणि रिटर्नर ही दोन कामं एकाच माणसाला का देतात?

हिशोबासाठी. 53 जणांत रिसीव्हरच्या जागा साधारण पाच-सहा. पहिले तीन जण आक्रमणात खेळतात. चौथ्या-पाचव्याला सामन्यात दहा-बारा वेळाच मैदानात यायची संधी मिळणार असेल, तर त्याने किक खेळल्या जाणाऱ्या डावांत, म्हणजे ‘स्पेशल टीम्स’मध्ये, काहीतरी करून दाखवलं पाहिजे. कुणी धावत जाऊन समोरच्या रिटर्नरला पाडतो, कुणी अडवणूक करतो, कुणी स्वतः रिटर्न करतो. निव्वळ रिटर्नसाठी एक जागा अडवणं बहुतेक प्रशिक्षकांना परवडत नाही. म्हणून रिसीव्हर म्हणून कामचलाऊ आणि रिटर्नर म्हणून धोकादायक, असा माणूस संघाला सोयीचा पडतो. क्रिकेटमध्ये थोडी फलंदाजी येणाऱ्या यष्टिरक्षकाला जसं झुकतं माप मिळतं, तसंच हे.

किकऑफ आणि पंट यांतला फरक थोडक्यात सांगाल?

किकऑफ अर्ध्याच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गुणानंतर होतो. चेंडू जमिनीवर टेकूवर ठेवलेला असतो आणि तो येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पंट म्हणजे आक्रमण अडलं की चौथ्या प्रयत्नात चेंडू हातातून सोडून दूर मारायचा. किकऑफमध्ये रिटर्नरला पूर्ण वेगाने चेंडूवर धावत येता येतं. पंटमध्ये तो जवळपास उभाच असतो, मान वर, आणि समोरचे लोक त्याच्या अंगावर धावत येत असतात. म्हणून किकऑफ चांगला परतवणारे बरेच सापडतात, पंटवर भरवसा ठेवावा असे कमी. गिन दोन्ही करायचा.

पंट झेलणं इतकं अवघड का? नीट सांगा.

हवेत चेंडू साधारण साडेचार ते पाच सेकंद असतो. तेवढ्यात दोन्ही कडांवरून निघालेले ‘गनर’ चाळीसेक यार्ड पळून रिटर्नरपर्यंत पोचतात. त्या वेळात रिटर्नरला पुढची कामं करायची असतात.

पहिलं, पंटरच्या पायावरून सुटताना चेंडू बघायचा. चेंडूचं नाक वरून वळून खाली आलं, तर तो लांब जातो आणि मागे सरकावं लागतं. नाक वरच राहिलं तर चेंडू अचानक मरतो, आखूड पडतो आणि पुढे पळावं लागतं. डावखुऱ्या पंटरची फिरकी उलटी असते. उतरताना चेंडू उलट्या बाजूला वळतो, म्हणून त्या आठवड्यात संघ सरावासाठी मुद्दाम डाव्या पायाने मारणारा माणूस किंवा यंत्र लावतात.

दुसरं, चेंडू हवेत असतानाच एकदा, फक्त एकदा, नजर खाली टाकून गनर किती जवळ आले ते बघायचं. ज्याला हे जमत नाही, तो एकतर प्रत्येक वेळी हात वर करतो किंवा मार खातो. अनुभवी रिटर्नर चेंडू सर्वांत उंचावर असताना नजर टाकतात, कारण तेव्हा तो परत सापडायला सोपा असतो.

तिसरं, निर्णय: पळायचं, फेअर कॅच (न पळता, कुणी अंगावर न येता घ्यायचा झेल) मागायचा, की चेंडू सोडून द्यायचा. फेअर कॅचसाठी एक हात पूर्ण सरळ डोक्यावर नेऊन आडवा हलवावा लागतो. अर्धवट हात हलवला तर 5 यार्डांचा दंड. नीट खूण केल्यावर समोरच्याने झेलात अडथळा आणला तर त्यांना 15 यार्ड. सोडून देण्यासाठी जुना ठोकताळा असा: स्वतःच्या 10 यार्डांच्या रेषेवर टाचा रोवायच्या आणि चेंडू डोक्यावरून मागे जात असेल तर हात लावायचा नाही. तो बहुधा एंड झोनमध्ये उसळी घेतो आणि संघाला 20 यार्डांवरून सुरुवात मिळते.

चौथं, झेल. कोपरं बरगड्यांना चिकटवून हातांची परडी करायची आणि चेंडू छातीशी घ्यायचा. बोटांनी हवेतच पकडायला जाणारा रिसीव्हर इथे फसतो, कारण किकसाठीचे चेंडू वेगळे ठेवलेले असतात आणि ते नवे, गुळगुळीत असतात. पळायला लागल्यावर चेंडूचं टोक बोटांत, बाकीचा हात आणि बरगडी यांत घट्ट. वाऱ्यात, पावसात आणि दिव्यांच्या प्रकाशात हे सगळं आणखी कठीण होतं. सीमारेषेवर उंच झेल घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाला निदान कुणी आडवं करायला येत नाही.

चुकलं तर काय होतं?

22 जानेवारी 2012 चा सामना बघा. फोर्टीनाइनर्स विरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स, जिंकणारा सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, जाणार. आदल्या फेरीत सेंट्सविरुद्ध गिनचा गुडघा दुखावला होता, म्हणून पंट झेलायला काइल विल्यम्स उभा होता. चौथ्या सत्रात उसळ्या घेत आलेला पंट त्याने सोडून दिला, पण चेंडूपासून पुरेसा लांब गेला नाही. चेंडू त्याच्या गुडघ्याला निसटता लागला. रिटर्न करणाऱ्या संघाच्या माणसाला चेंडू लागला की तो खुला होतो. जायंट्सनी तो उचलला आणि पुढे टचडाउन केलं. मग जादा वेळेत रिटर्नवर पळताना त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला गेला, आणि जायंट्स 20–17 जिंकले.

तिथे गिन असता तर काय झालं असतं, हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदा लक्षात आलं की पंट नुसता सुखरूप झेलणाऱ्याची किंमत आकडेवारीच्या तक्त्यात दिसत नाही. पहिल्या चुकीतून शिकायचं ते हे: जो पंट झेलायचा नाही, त्याच्यापासून दूर पळायचं आणि आपल्या साथीदारांना ओरडून दूर हाकलायचं. अर्धवट जवळ उभं राहणं सर्वांत वाईट.

महाविद्यालयात तो इतका गाजला का?

ओहायो स्टेटमध्ये पहिल्याच वर्षी, 2004 मध्ये, त्याने पंट परतवून चार टचडाउन केली. तीन वर्षांत सहा. ग्लेनव्हिलचाच जुना सवंगडी ट्रॉय स्मिथ क्वार्टरबॅक होता आणि 2006 मध्ये त्याला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाली. त्या मोसमात गिनने 59 झेलांत 781 यार्ड आणि 9 टचडाउन केली.

8 जानेवारी 2007 ला फ्लोरिडाविरुद्ध राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना होता. पहिलाच किकऑफ गिनने 93 यार्ड पळवत टचडाउनपर्यंत नेला. आनंदात साथीदारांनी त्याच्यावर उड्या मारल्या, त्यात त्याच्या पायाला दुखापत झाली आणि तो जवळपास पूर्ण सामना बाहेर बसला. ओहायो स्टेट 41–14 हरलं. बरोबर 27 दिवसांनी सुपर बोलमध्ये शिकागोच्या डेव्हिन हेस्टरनेही पहिलाच किकऑफ 92 यार्ड पळवला, आणि शिकागोही 29–17 हरलं. रिटर्नने सामना पेटतो, पण पुढची साठ मिनिटं इतरांनाच खेळावी लागतात.

मायामीत त्याच्यावर लोक इतके का चिडले?

2007 च्या ड्राफ्टमध्ये डॉल्फिन्सनी त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. रिसीव्हरांत त्याच्या आधी फक्त कॅल्व्हिन जॉन्सन गेला होता. चाहत्यांना क्वार्टरबॅक ब्रॅडी क्विन हवा होता, आणि गिनचा पाय अजून बरा झालेला नव्हता. त्यात संघाचा तो मोसम 1 विजय, 15 पराभव असा गेला आणि प्रशिक्षक कॅम कॅमेरॉन यांना घरी पाठवलं. नव्या व्यवस्थापनाने हा खेळाडू निवडलेला नव्हता. जर्नीमनच्या आयुष्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. ज्याने निवडलं तोच निघून जातो.

खेळ म्हणाल तर तो कधी अगदीच टाकाऊ नव्हता. पहिल्या वर्षी फिलाडेल्फियाविरुद्ध 87 यार्डांचा पंट रिटर्न, 2008 मध्ये 56 झेलांत 790 यार्ड. हे आकडे चौथ्या फेरीतल्या खेळाडूचे असते तर कौतुक झालं असतं. नवव्या क्रमांकाने ते कौतुक खाऊन टाकलं. शिवाय त्याच्या हातून चेंडू सुटायचे, आणि 2009 मध्ये त्यामुळेच पहिल्या संघातली जागा गेली.

1 नोव्हेंबर 2009 ला नेमकं काय झालं?

न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला जुन्या जायंट्स स्टेडियममध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध सामना. पहिल्या संघातून नुकताच उतरवलेला गिन फक्त रिटर्नसाठी मैदानात येत होता. तिसऱ्या सत्रात त्याने एक किकऑफ 100 यार्ड आणि दुसरा 101 यार्ड पळवला, दोन्ही टचडाउन. एकाच सामन्यात शंभर किंवा जास्त यार्डांचे दोन किकऑफ परतवून टचडाउन करणारा तो एनएफएलच्या इतिहासातला पहिला खेळाडू. मायामीच्या आक्रमणाने पूर्ण सामन्यात जेमतेम 104 यार्ड मिळवले आणि तरी संघ 30–25 जिंकला.

ते रिटर्न बघताना एक गोष्ट दिसेल. गिन आडवातिडवा फार पळत नाही. आपल्या कबड्डीपटूसारखी हूल देऊन चार जणांना चकवणारे रिटर्नर वेगळे, आणि फट दिसली की सरळ रेषेत सुटणारे वेगळे. गिन दुसऱ्या जातीचा. त्याला एकच फट लागते, पण ती अडवणाऱ्यांनी ठरल्या जागी, ठरल्या क्षणी उघडायला हवी. म्हणून अशा रिटर्नचं निम्मं श्रेय नाव न येणाऱ्या अडवणाऱ्यांचं.

मग मायामीने त्याला सोडलं कसं?

एप्रिल 2010 मध्ये संघाने ब्रँडन मार्शलसारखा मोठा रिसीव्हर आणला आणि त्याच आठवड्यात गिनला फोर्टीनाइनर्सकडे दिलं. मोबदला, ड्राफ्टमधली पाचव्या फेरीची एक निवड. नवव्या क्रमांकाचा खेळाडू तीन वर्षांत पाचव्या फेरीच्या भावाचा झाला होता.

सॅन फ्रान्सिस्कोत तो कसा होता?

रिसीव्हर म्हणून नावापुरता, रिटर्नर म्हणून उत्तम. 2011 च्या मोसमाआधी त्याने पगारात कपात मान्य केली, कारण नाही म्हटलं असतं तर जागा गेली असती. मग 11 सप्टेंबरला सिअ‍ॅटलविरुद्ध पहिल्याच सामन्याच्या चौथ्या सत्रात 102 यार्डांचा किकऑफ आणि 55 यार्डांचा पंट, दोन्ही एका मिनिटाच्या आत टचडाउन. संघ 33–17 जिंकला.

2012 च्या मोसमात मात्र त्याला झेल मिळाले फक्त 2. तरीही फेब्रुवारी 2013 च्या सुपर बोलमध्ये शेवटची आशा त्याच्याच हातात होती. बाल्टिमोरने चार सेकंद उरलेले असताना मुद्दाम सेफ्टी देऊन, म्हणजे स्वतःच्याच एंड झोनमध्ये डाव संपवून, दोन गुण सोडले आणि फ्री किक मारली. गिनने तो चेंडू 31 यार्ड आणला, मैदानाच्या मध्याजवळ त्याला पाडलं, घड्याळ संपलं. 34–31. त्याच सामन्यात समोरच्या संघातल्या जॅकोबी जोन्सने, तोही रिसीव्हर आणि रिटर्नर, दुसऱ्या अर्ध्याचा पहिला किकऑफ 108 यार्ड पळवला होता.

हातून चेंडू सुटतात हे सगळ्यांना माहीत असताना संघ त्याला परत परत का घेत?

आमच्या मते या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

रिसीव्हरचं काम फक्त झेलणं नव्हे. सरळ रेषेत पन्नास यार्ड सुसाट पळणारा माणूस कडेला उभा राहिला की समोरच्या सेफ्टीला, म्हणजे सर्वांत मागे उभ्या बचावपटूला, आणखी मागे सरकावंच लागतं. कॉर्नरबॅक रेषेवर येऊन त्याला धक्का द्यायला कचरतो, कारण धक्का चुकला तर मागे कुणी नाही. सेफ्टी मागे सरकला की मधली जागा मोकळी होते आणि तिथे दुसरा रिसीव्हर किंवा टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही खेळाडू) सोपा झेल घेतो. चेंडू गिनकडे गेलाच नाही, तरी त्याच्या पळण्याने बचाव ताणला जातो. त्याने पाचातले दोन लांब चेंडू सोडले तरी उरलेल्या तिनांची धास्ती पुरेशी असते.

हे गणित सगळ्या संघांत सारखं लागू होत नाही, आणि म्हणूनच त्याचे आकडे इतके वरखाली दिसतात. लांब फेकणारा क्वार्टरबॅक हवा, चेंडू सुटेपर्यंत त्याला तीन-साडेतीन सेकंद उभं ठेवणारी अडवणाऱ्यांची फळी हवी, आणि चेंडू सुटला तरी पुढच्या डावात परत त्याच्याकडे फेकायची प्रशिक्षकाची तयारी हवी. पँथर्समध्ये कॅम न्यूटनच्या दणकट हातामुळे पहिली अट पुरी झाली. ॲरिझोनात जमलं नाही. खेळाडू तोच, पाय तेच.

ॲरिझोनाने एका वर्षात काढून टाकलं, मग तीन वर्षांच्या कराराला अर्थ काय?

2013 मध्ये पँथर्सकडे एक वर्ष चांगलं गेलं: 36 झेल, 556 यार्ड, 5 टचडाउन. त्याच्या जोरावर 2014 मध्ये कार्डिनल्सनी तीन वर्षांचा करार दिला. ईस्ट रदरफर्डलाच, नव्या स्टेडियममध्ये, जायंट्सविरुद्ध त्याने 71 यार्डांचा पंट परतवून सामना फिरवला. पण झेल वर्षभरात 14 आणि टचडाउन शून्य. फेब्रुवारी 2015 मध्ये संघातून काढलं.

एनएफएलमधला करार बहुतेक वेळा पूर्ण हमीचा नसतो, हे आधी समजून घ्यावं. वर्षं आणि एकूण रक्कम बातमीत येते, खरी रक्कम असते ती हमीची आणि सहीच्या बोनसची. बोनस हातात लगेच मिळतो, पण संघाच्या पगारमर्यादेच्या हिशोबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागला जातो. खेळाडूला काढलं की उरलेला हिस्सा संघाच्या खात्यावर पडतो. तो छोटा असेल आणि पुढच्या वर्षाचा पगार मोठा असेल, तर संघ नव्या आर्थिक वर्षाच्या, म्हणजे मार्चच्या, आसपास नारळ देतो. चार मोसम पुरे केलेला खेळाडू तेव्हा लगेच मोकळा होतो आणि हवा त्या संघाशी बोलू शकतो. त्याहून नवख्याला मात्र आधी वेव्हरच्या यादीतून जावं लागतं, जिथे कुठलाही संघ त्याचा जुना करार तसाच उचलू शकतो. म्हणून अनुभवी माणसाला फेब्रुवारीत काढणं ऑगस्टमध्ये काढण्यापेक्षा बरं: इतर संघांत जागा अजून रिकाम्या असतात. मोसमाच्या पहिल्या सामन्याला अनुभवी खेळाडू संघात असला, तर त्या वर्षीचा मूळ पगार त्याला जवळपास पक्का होतो. ऑगस्टच्या अखेरच्या कपातीत अनुभवी लोक का गळतात, याचं एक कारण हेही.

2015 हे त्याचं सर्वोत्तम वर्ष कसं ठरलं?

पँथर्सनी त्याला परत बोलावलं ते जोडीला म्हणून. ऑगस्टमध्ये, तेही डॉल्फिन्सबरोबरच्या संयुक्त सरावात, मुख्य रिसीव्हर केल्व्हिन बेंजामिनच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि गिन एकदम पुढच्या रांगेत आला. 44 झेल, 739 यार्ड, 10 टचडाउन. त्याआधी कुठल्याही मोसमात त्याने झेल घेऊन पाचाच्या वर टचडाउन केलेली नव्हती. संघाने 16 पैकी 15 सामने जिंकले.

जुना दोष गेला नव्हता. इंडियानापोलिसविरुद्ध जादा वेळेत पूर्ण मोकळा असताना सामना जिंकून देणारा चेंडू त्याच्या हातून सुटला. संघाने नंतर 29–26 असा सामना काढला, म्हणून ते लोक विसरले.

24 जानेवारी 2016 ला सुपर बोलच्या उंबरठ्यावर समोर आले तेच कार्डिनल्स. गिनने 32 यार्डांचा पंट परतवला आणि लगेच 22 यार्डांचं धावून टचडाउन केलं. त्यात एका बाजूला वाट बंद दिसताच तो मैदानाच्या दुसऱ्या कडेला वळून पळाला. पण त्या रात्रीचा त्याचा सर्वांत मोलाचा डाव आकड्यांत धड दिसतच नाही. पॅट्रिक पीटरसनने न्यूटनचा पास पकडला आणि तो मोकळा सुटला होता. गिनने मागून पाठलाग करून त्याला एंड झोनच्या आधी पाडलं. पुढच्याच डावात कार्डिनल्सचा पास कॅरोलिनाच्या कर्ट कोलमनने पकडला. सामना 49–15. सुपर बोलमध्ये मात्र डेन्व्हरने पँथर्सना 24–10 हरवलं. गिनचे त्यात 4 झेल, 74 यार्ड.

शेवटची वर्षं?

2017 ते 2019 न्यू ऑर्लीन्स. वयाच्या बत्तिशीत, क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजच्या अचूक फेकीवर, 53 झेलांत 787 यार्ड. त्याच मोसमाच्या प्लेऑफमध्ये जुन्या पँथर्सविरुद्ध 80 यार्डांचं टचडाउन. या टप्प्यावर तो रिटर्न कमी आणि रिसीव्हरचं काम जास्त करत होता, जे साधारण क्रमाच्या उलट आहे. 2018 मध्ये दुखापतीने बरेच सामने गेले. 2020 मध्ये शिकागोत 3 झेल, आणि नोव्हेंबरमध्ये सुटका.

आजच्या किकऑफ नियमांत तो कसा चालला असता?

त्याच्या कारकिर्दीतच नियम बदलत गेले. 2011 मध्ये किकची जागा 30 वरून 35 यार्डांवर आली, त्यामुळे बरेच चेंडू एंड झोनमध्ये पडू लागले आणि रिटर्न घटले. कारण जखमा, विशेषतः डोक्याच्या: दोन्हीकडून पूर्ण वेगाने धावत येणारे लोक आदळत. 2016 पासून टचबॅकला, म्हणजे एंड झोनमध्ये जाऊन न परतवलेल्या किकला, 25 यार्डांवरून सुरुवात मिळू लागली. 2018 मध्ये किक मारणाऱ्या संघाची पळती सुरुवात बंद झाली.

2024 मध्ये मांडणीच बदलली. किक मारणारा 35 यार्डांवर, पण त्याचे दहा साथीदार थेट समोरच्यांच्या 40 यार्डांच्या रेषेवर. चेंडू जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. चेंडू गोलरेषा आणि 20 यार्ड यांच्या पट्ट्यात पडला तर परतवावाच लागतो, फेअर कॅच नाही. थेट एंड झोनमध्ये गेला तर टचबॅक 2024 मध्ये 30 यार्डांवरून, 2025 पासून 35 वरून. त्यामुळे रिटर्न परत वाढले.

अडवणारे आणि पाडणारे आता चार-पाच पावलांवर समोरासमोर असतात. फट लवकर उघडते आणि लवकर मिटते. थांबून हूल देणाऱ्यापेक्षा एका पावलात वेग घेऊन सरळ घुसणाऱ्याला हे सोयीचं. तरुण गिनला ही मांडणी आवडली असती असं आम्हाला वाटतं.

हेस्टर आणि पॅटरसनशी तुलना केली तर?

डेव्हिन हेस्टर वेगळ्याच पायरीवर: पंटवर 14 आणि किकऑफवर 5 टचडाउन. 2024 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, मुख्यतः रिटर्नर म्हणून जाणारा पहिलाच. कॉर्डरेल पॅटरसनची गोष्ट गिनच्या जवळची आहे. 2013 मध्ये पहिल्या फेरीत मिनेसोटाकडे, रिसीव्हर म्हणून अपेक्षाभंग, मग ओकलंड, न्यू इंग्लंड, शिकागो, अटलांटा, पिट्सबर्ग. किकऑफवर 9 टचडाउन हा विक्रम त्याचा. त्यातला 109 यार्डांचा रिटर्न ग्रीन बेविरुद्ध 2013 मधला. फरक असा की पॅटरसन अंगाने भरलेला असल्याने संघांनी त्याला पुढे रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावणारा, केलं, तीच त्याची दुसरी खेळी. गिनची अंगकाठी सडपातळ. त्याला ती वाट नव्हती, म्हणून त्याने लांब पळणारा रिसीव्हर म्हणूनच स्वतःला टिकवलं.

भारतातून सामने बघताना रिटर्नवर नजर कशी ठेवायची?

आधी वेळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रविवारचे दुपारी 1 चे सामने आपल्याकडे रात्री 10:30 ला सुरू होतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की 11:30 ला. रात्रीचा सामना आपल्या सोमवारी पहाटे 5:50 किंवा 6:50 ला.

पंट उडाला की कॅमेरा चेंडूमागे जातो. तुम्ही रिटर्नरचे पाय बघा. तो बाजूला आणि मागे सरकत असेल, तर पंट चांगला आहे आणि बहुधा हात वर जाईल. तो पुढे येत असेल, तर चेंडू मारणाऱ्या संघाची माणसं मागे पडली आहेत आणि काहीतरी घडू शकतं. मग कडेचे दोन गनर बघा. त्यांच्यावर प्रत्येकी दोन माणसं लावली असतील, तर समोरच्या संघाने पंट अडवायचा विचार सोडून रिटर्नसाठी माणसं दिली आहेत. गिनचा ॲरिझोनासाठीचा 71 यार्डांचा रिटर्न पुन्हा बघायला मिळाला, तर पहिल्यांदा तो न बघता फक्त त्याच्यापुढचे अडवणारे बघा, आणि दुसऱ्यांदा त्याची पहिली तीन पावलं.